मात्रेतले पाठभेद

सात रस्त्याच्या चौकातील औषधांच्या दुकानात दर महिन्याला आमच्या आईची आणि शेजारच्या काकांची अशा दोन चिठ्ठ्या एकत्रच जातात. दोन्हींवर औषध एकच, वॉरफरिन. लहानपणी सांधे सुजवणारा ताप येऊन दोघांच्याही हृदयाच्या झडपा निकामी झाल्या. दोघांनाही कृत्रिम झडप बसवलेली आहे. तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून हे औषध जन्मभर घ्यावयाचे. आयुष्य यंत्रमागावर गेलेले काका आणि आई जवळपास एकाच वयाचे. तरी काकांना रोज ७ मिलिग्रॅम लागते आणि आईला दीड, म्हणजे एकची एक गोळी आणि एक अर्धी. हे असे का, हा प्रश्न आम्ही मराठीच्या दोन प्राध्यापकांनी फार उशिरा विचारला.

आधी विचारला तो निराळाच. शस्त्रक्रियेनंतर आईला बहुतेकांप्रमाणे ५ मिलिग्रॅमवर घरी पाठवले होते. रक्त गोठायला साधारण किती पट वेळ लागतो हे सांगणारा 'आयएनआर' हा आकडा तिच्या बाबतीत अडीच ते साडेतीन हवा. पहिल्या तपासणीत तो बरोबर आला. महाविद्यालयात परीक्षांचे दिवस होते. पुढची तपासणी आम्हीच आठवडाभर लांबवली. एका सकाळी चूळ भरताना आईच्या तोंडातून लाल पाणी आले. आकडा सातावर गेला होता.

"आई, गोळी दोनदा घेतलीस ना?" आम्ही विचारले. ती नाही म्हणाली. आमचा विश्वास बसला नाही. पालेभाजीतले 'के' जीवनसत्त्व या औषधाच्या विरुद्ध काम करते हे ऐकून तिने अंबाडीची भाजी सोडली होती. तोही दोष आम्ही तिच्याच माथी मारला. गोळ्यांची पट्टी आमच्या कपाटात गेली आणि रोज मोजून तिच्या हातावर पडू लागली.

मात्रा कमी करीत दीडवर आली, तेव्हा डॉक्टरांनी रक्ताचा नमुना जनुकीय तपासणीसाठी बाहेरगावी पाठवला. अहवाल एका पानाचा होता. यकृतात वॉरफरिनचा निचरा करणारे एक विकर 'सीवायपी२सी९' नावाच्या जनुकावरून घडते. आईच्या त्या जनुकाच्या एका प्रतीत ए या अक्षराच्या जागी सी आहे. त्यामुळे विकराच्या ३५९व्या स्थानी आयसोल्युसिनऐवजी ल्युसिन येते आणि निचरा मंदावतो. म्हणूनच पहिला आकडा ठीक आला आणि औषध साठत जाऊन नंतरचा चढला. दुसरे जनुक 'व्हीकेओआरसी१', २००४ मध्ये ओळखले गेलेले. औषध ज्यावर घाव घालते ते विकर याच जनुकाचे. आईच्या दोन्ही प्रतींत इथे जीऐवजी ए आहे, म्हणजे ते विकर मुळातच कमी तयार होते आणि थोड्या औषधानेही दबते. पूर्व आशियात हा ए सर्रास आढळतो, आपल्याकडे बराच कमी.

एका अक्षराचा फरक! शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाहून अपपाठ काढले, हे आम्ही दरवर्षी वर्गात शिकवतो. इथे मात्र अपपाठ कोणताच नाही. ज्या पाठाला १ हा क्रमांक दिला आहे तो केवळ तुलनेसाठी धरलेला. आईचा ३ क्रमांकाचा पाठ त्याहून अशुद्ध नव्हे. 'बहुतेकांची' पाच मिलिग्रॅमची मात्रा हीच शुद्ध प्रत समजून आम्ही आईला चूक ठरवले होते.

डॉक्टर स्वतः या तपासणीने फारसे भारावलेले नव्हते. जनुके, वय, वजन, जोडीची औषधे हे सारे धरूनही मात्रेचा पूर्ण हिशेब लागत नाही, आणि २०१३ मधल्या दोन मोठ्या चाचण्यांपैकी युरोपातल्या चाचणीत जनुके पाहून मात्रा ठरवण्याचा लाभ दिसला, अमेरिकेतल्या चाचणीत दिसला नाही. आयएनआर पाहत राहणे कोणालाच चुकत नाही. पथ्यपाणी नको असलेली नवी औषधे आली आहेत, पण धातूच्या झडपेला ती चालत नाहीत. तेव्हा वॉरफरिनच, १९४८ मध्ये उंदरांचे विष म्हणून बाजारात आलेले आणि १९५४ पासून माणसांना दिले जाणारे. हे काकांना कळल्यापासून ते चिठ्ठी देताना "उंदराची आणा" म्हणतात.

आईच्या दोन्ही प्रतींत ए आहे, तेव्हा आम्हां दोघांपैकी एकाकडे तो निश्चित आला आहे. अंबाडी पुन्हा सुरू झाली, दर आठवड्याला ठरावीक वाटीभर. अहवाल आला त्या रात्री पट्टी आम्ही कपाटातून काढून तिच्या उशाशी नेऊन ठेवली. तिने चष्मा लावला आणि आमच्यासमोर गोळ्या मोजून घेतल्या.