गाडीची वही



ऑफिसात माझं निम्मं आयुष्य लॉग वाचण्यात जातं. सर्व्हर मध्यरात्री का बसला, कोणी काय बदललं, किती वाजता बदललं, सगळं मला मिनिटामिनिटाचं लागतं. ज्युनियर पोरांना मी ऐकवतो, "लिहिलं नाही म्हणजे केलं नाही!" आता याच शहाण्या माणसाच्या गाडीची गोष्ट ऐका.

२०१९ साली इथे न्यू जर्सीत आम्ही नवीकोरी मिनीव्हॅन घेतली. ऑगस्ट २०२३ मध्ये, ५२ हजार मैलांवर, टर्नपाइकवर इंजिन खडखडायला लागलं. टो करून डीलरकडे नेली. मी निर्धास्त होतो, कारण पॉवरट्रेनची वॉरंटी पाच वर्षं किंवा ६० हजार मैल. काउंटरवरच्या बाईंनी गोड आवाजात विचारलं, "ऑइल चेंजच्या पावत्या आहेत ना?"

होत्या की! ग्लोव्ह कंपार्टमेंटमध्ये कोंबलेल्या. काढून बघतो तर काही कोऱ्या, काही काळवंडलेल्या. थर्मल कागदावर शाई नसतेच, कागदावरच्या थरावर उष्णतेने अक्षरं उठतात. बंद गाडीत चार उन्हाळे काढल्यावर काय उरणार? शिवाय दोनदा तेल मी स्वतःच ड्राइव्हवेत बदललेलं. त्याची नोंद कुठे? डोक्यात!

आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं की बाहेर काम केलं की वॉरंटी गेली. तसं नाही. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार बाहेरच्या गॅरेजात किंवा घरी तेल बदललं, एवढ्याच कारणावरून वॉरंटी नाकारता येत नाही. पण मुळात वेळेवर बदललं होतं का, असा प्रश्न आला की पावत्या आपल्यालाच शोधाव्या लागतात. तीन आठवडे तेच केलं. गॅरेजच्या कॉम्प्युटरवर नंबरप्लेटवरून तीन नोंदी सापडल्या. क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटवरून तेल आणि फिल्टर विकत घेतल्याच्या दोन तारखा काढल्या. ३१ हजार ते ४४ हजार मैल मात्र रिकामे! धाकटी झाली ते वर्ष.

बायकोने सहज विचारलं, "तेव्हा नक्की बदललं होतंस का रे?" आणि मंडळी, मला सांगता येईना. आजही येत नाही. शेवटी कंपनीने निम्मा खर्च उचलला, उरलेले ३,१०० डॉलर माझ्या खिशातून. पैशांपेक्षा ते "सांगता येईना" जास्त लागलं.

रविवारी सांगलीला फोन केला. सगळी हकिगत ऐकून बाबांनी एकच विचारलं, "मीटर किती होता?"

बाबांकडे १९९१ सालचा चेतक होता आणि त्याची एक लांबोडकी वही. तारीख, मीटर, पेट्रोल, 'प्लग साफ केला', 'गिअर ऑइल बदलले', 'क्लच केबल नवी'. आम्ही भावंडं खूप हसायचो त्या वहीला. २०१८ मध्ये स्कूटर विकायच्या आदल्या रात्री मी ती पहिल्यांदा नीट वाचली. १९९९ च्या जूनपासून एकच नोंद पुन्हा पुन्हा, 'मिरज, आई'. आजीला मागे बसवून दवाखान्यात नेत तेव्हाची. तेवीस वेळा मोजली मी. शेवटची सप्टेंबरातली. त्यानंतर अकरा दिवस काहीच नाही. मग, 'गिअर ऑइल बदलले.'

दुसऱ्या दिवशी त्यांनी वही गिऱ्हाइकाच्या हातात ठेवली. मी म्हटलं, "बाबा, वही कशाला दिलीत?" तर म्हणाले, "अरे, ती गाडीची आहे. त्याला लागेल."

असो. आता मी काय करतो तेवढं सांगतो. प्रत्येक गाडीची एक स्प्रेडशीट. तारीख, मीटर, काय केलं, कोणी केलं, तेलाचा ग्रेड, खर्च. पावतीचा फोटो त्याच दिवशी, गॅरेजच्या पार्किंगमध्येच. घरी तेल बदललं तर तेल आणि फिल्टरची पावती, आणि ओडोमीटरचा फोटो. टायर रोटेशन, ब्रेक फ्लुइड, बॅटरी, सगळं त्यात. टायरवर डॉट कोडाचे शेवटचे चार आकडे असतात, कितवा आठवडा आणि कोणतं वर्ष, तेही लिहून ठेवतो. कारफॅक्सवर सगळं असतंच, अशा भ्रमात राहू नका. जेवढं कोणी कळवतं तेवढंच तिथे येतं.

स्प्रेडशीटला शेवटी एक रकाना आहे, 'इतर'. मागच्या महिन्यात त्यात पहिल्यांदा काहीतरी लिहिलं, 'नेवार्क विमानतळ, बाबा'.

बाकी काही राहिलं तर राहू द्या. तारीख आणि मीटर तेवढं लिहा.

कळावे.