गुहागरहून पिपलानीस

मालगुंड, जि. रत्नागिरी
१९ जानेवारी २०२६

तीर्थस्वरूप दादा आणि सौ. वहिनी यांना
शिरसाष्टांग नमस्कार.

काल मंगला एक्स्प्रेसने रत्नागिरीला सुखरूप उतरलो. भोपाळला चढायचं आणि गाडी न बदलता थेट कोकणात उतरायचं, याचं अप्रूप अजून ओसरलेलं नाही. आबा आपल्याला कुलदैवताला न्यायचे तेव्हा आधी मुंबई, मग रात्रभर एस.टी., असा तो प्रवास होता. १९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाली आणि ते सगळं बदललं. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. गाडी त्यातून बाहेर आली आणि खिडकीतून येणारी हवाच निराळी झाली. दोघांचेही स्वेटर तिथेच पिशवीत गेले.

गणपतीपुळ्याला दर्शन घेऊन मुक्कामाला मात्र जवळच्या मालगुंडला आलो. येत्या २२ तारखेला माघी गणेशजयंती आहे, त्यामुळे पुळ्याला मांडव, कमानी, वाहनतळाच्या दोऱ्या अशी तयारी चालू आहे. मालगुंडात यातलं काही नाही. १८६६ साली केशवसुत इथे जन्मले. त्यांचं घर आणि स्मारक पाहिलं. अंगण सारवलेलं होतं, आणि पाहणारे आम्ही दोघंच. शाळेत ज्यांच्या कविता पाठ केल्या त्या कवीच्या ओटीवर इतकं निवांत बसता येईल असं वाटलं नव्हतं. हिने तिथे बराच वेळ एक शब्दही काढला नाही.

वाटेवर आंब्याच्या बागा मोहरल्या आहेत. एका बागेत औषधाची फवारणी चालू होती, म्हणून थांबून चौकशी केली. मोहोर यायला थंडी लागते, पण मध्येच ढगाळ हवा आली की तुडतुडा पडतो आणि मोहोर काळा होऊन गळतो, असं बागवाल्यांनी सांगितलं. बोलता बोलता ते सारखे आभाळाकडे बघत होते. मे महिन्यात आपण पेटीचा भाव ऐकून हळहळतो. त्या भावाचा निकाल या दिवसांत लागत असतो.

उद्या जयगडहून फेरीबोटीने शास्त्री नदीची खाडी ओलांडून तवसाळला उतरणार. तिथून हेदवी, वेळणेश्वर करत गुहागर.

तुमचा धाकटा


गुहागर
माघ शुद्ध पंचमी, २३ जानेवारी

ती. दादा, सौ. वहिनी,

सा. न. वि. वि.

आधी देवाचं. व्याडेश्वराला तुमच्या दोघांच्या नावाने अभिषेक केला. प्रसाद पुडीत बांधून ठेवला आहे. देवळात गर्दी नसल्याने गुरुजींनी घाई केली नाही, संकल्पात सगळी नावं नीट घेतली. खालच्या पाटापासून वरच्या पाटापर्यंत एकाच रस्त्यावर पसरलेलं हे गाव तसंच आहे. रस्त्याच्या समुद्राकडच्या अंगाला घर, घरामागे नारळी-पोफळीची वाडी, वाडीला बेडं, बेडं उघडलं की सुरूचं बन आणि पुढे वाळू. आम्ही उतरलोय त्या घरालाही असंच बेडं आहे. पहाटे चहा झाला की पायात काही न घालता निघायचं.

दादा, तुला हिशोब आवडतो म्हणून एक सांगतो. यजमानांनी भरतीची वेळ काढायला शिकवली. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता साधारण भरती. आज पंचमी. पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे दुपारी पावणेचारच्या सुमारास पाणी पुरं भरेल, आणि त्याच्या सहा तास आधी, सकाळी दहाच्या आसपास, पुरती ओहोटी. आज मी काठी रोवून पाहिलं, अंदाज बरोबर आला. पुनवेला आणि अवसेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, तेव्हा पाणी फार वर येत नाही. घड्याळ सगळीकडे असतानाही इथले लोक अजून तिथीवरच होडी काढतात. आपल्या मोठ्या तलावाच्या काठी जन्म गेला, पण रोज जागा बदलणारं पाणी इतक्या जवळून पहिल्यांदाच बघतो आहे.

सकाळी ओहोटीच्या वेळी चालायला निघालो की किनारा इतका लांब पसरतो की दुसऱ्या टोकाचा माणूस ओळखू येत नाही. बहुतेक वेळा तिथे माणूस नसतोच. पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, शाळेत भूगोलात शिकलेला मतलई वारा तो हाच. त्यामुळे लाटा बुटक्या आणि गुळगुळीत असतात. अकरानंतर वारा फिरतो, खारा वारा सुटतो आणि पाण्यावर पांढरे तुरे दिसू लागतात. ओल्या वाळूत बारीक खेकडे आपल्या बिळाभोवती मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी काढून ठेवतात. वाळूतलं खाद्य खाऊन उरलेली वाळू गोळी करून टाकायची, असा त्यांचा उद्योग. पाऊल वाजलं की सगळे एकदम आत. त्यांना बाहेर येताना बघायचं तर निश्चल उभं राहावं लागतं, आणि मागून कोणी ओरडत येणारं नसावं लागतं.

कुरवांचे थवे हे इथल्या हिवाळ्याचं खरं वैभव. उत्तरेकडच्या थंड मुलखातून आलेले हे पक्षी पाण्याच्या कडेला शेकड्यांनी बसलेले असतात, सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे. उन्हाळा लागला की ते परत जातात. मे महिन्यात मुलाबाळांना घेऊन येणाऱ्यांना ते दिसतच नाहीत. सुरूच्या एका उंच झाडावर समुद्री गरुडाचं घरटं आहे. काल त्याला पाण्यावरून काहीतरी वळवळतं उचलून नेताना पाहिलं.

वहिनी, जेवणाचं विचारलं होतंत. कुळथाचं पिठलं, आमसुलाचं सार, भात, वाडीतल्या केळफुलाची भाजी, आणि काल ओल्या काजूची उसळ. काजू नुकते धरू लागले आहेत, त्यामुळे पहिलाच वाटा मिळाला. ओले काजू सोलणं किती चिकाटीचं काम आहे ते घरच्या यजमानीण काकूंच्या शेजारी बसून हिने पाहिलं. चिकाने बोटं भाजतात, म्हणून आधी हाताला तेल लावतात. एका वाटी उसळीमागे सकाळ जाते. गर्दीच्या दिवसांत पंगतीला तीस पानं असतात तेव्हा ही उसळ होत नाही, असं काकू म्हणाल्या.

त्या आणखीही बोलल्या, आणि ते मला महत्त्वाचं वाटतं. दिवाळी, नाताळ ते एक जानेवारी, आणि मे महिना, मुख्यतः एवढ्यातच त्यांच्या खोल्या भरतात. त्या दिवसांत झोप नाही, आणि नंतर महिना महिना कुलूप. हाताखालच्या बायांना रोज काम देता येत नाही म्हणून त्या चिपळूणला जातात. येणारा पाहुणा या रिकाम्या दिवसांत भाव पाडून मागतो. मला वाटतं, आपण उलट करायला हवं. रिकाम्या दिवशी येऊन पुरे पैसे द्यावेत. लक्ष, वेळ आणि गरम जेवण आपल्याला याच दिवसांत जास्त मिळतं.

उद्यापासून शनिवार, रविवार आणि सोमवारी सव्वीस जानेवारी अशी जोडून सुटी आहे. सगळ्या खोल्या भरल्या आहेत. आम्ही ते तीन दिवस किनाऱ्याचा नाद सोडून गावात आणि आसपास राहणार.

तुमचा धाकटा


गुहागर
२८ जानेवारी

ती. दादा, सौ. वहिनी,

सा. न. वि. वि.

सुटीचे तीन दिवस वाळूवर मोटारींच्या चाकांचे ठसे उमटले होते. रात्री उशिरापर्यंत दिवे आणि गाणी. पुण्या-साताऱ्याची, कोल्हापूरची माणसं हौसेने येतात, लेकरांना समुद्र दाखवतात, त्यात वावगं काही नाही. पण पाण्यात शिरणाऱ्या गाड्यांबद्दल आणि रात्रीच्या झगझगीत दिव्यांबद्दल मला राग आहे, आणि त्याचं कारण पुढे लिहितो.

गर्दीच्या दिवसांत आम्ही अंजनवेलला गेलो. गोपाळगडाच्या तटावरून समोर दाभोळ दिसतं आणि खाली वाशिष्ठीचं मुख. दादा, तिथे तुझी आठवण येणं साहजिकच होतं. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला पोफळीत उतरतं, वीज करून वाशिष्ठीत जातं, आणि शेवटी इथे समुद्राला मिळतं. कृष्णेच्या खोऱ्यातलं, पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जाणारं पाणी माणसाने अरबी समुद्राकडे वळवलं. १९६२ साली कोयनेचं पहिलं यंत्र फिरलं तेव्हा आबा हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये नवे नवे होते, आणि आपली घरं पिपलानीत नुकती बांधून होत होती. तू पुढे उभा जन्म पाण्यावरच्या टर्बाइनांच्या विभागात काढलास. ज्या पाण्यासाठी ती यंत्रं असतात ते काम संपवून समुद्रात जाताना कसं दिसतं, ते तू एकदा इथे उभं राहून पाहायला हवंस. दक्षिणेला एन्रॉनचा म्हणून गाजलेला वीजप्रकल्प दिसतो. त्यावर आपल्या ओसरीवर झालेली भांडणं आठवली. ते सारं आता फार लांबचं वाटतं.

आता कासवांचं. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली वेळासला हे संरक्षणाचं काम सुरू केलं. पुढे वनखातं आणि गावोगावचे कासवमित्र त्यात आले. पूर्वी अंडी माणसं आणि कोल्हीकुत्री पळवून नेत. आता कासवमित्र रोज पहाटे किनारा पालथा घालतात. काल त्यांच्याबरोबर जाऊ दिलं. पाण्यातून वर आलेली आणि परत गेलेली अशा दोन रुंद चाकोऱ्या वाळूत दिसल्या, मध्ये वल्ह्यासारख्या पायांचे आडवे ठसे. माती उकरावी तशी अलगद वाळू बाजूला करून दीड-एक फुटावर त्यांनी अंडी काढली, पांढरी, मऊ कवचाची, शंभराच्या वर. प्रत्येक अंडं आहे त्याच बाजूने धरून पाटीत ठेवत होते. जाळीच्या कुंपणात, हातभर खोल, तशाच आकाराच्या खड्ड्यात ती पुन्हा पुरली आणि तारखेची पाटी लावली. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं वर येतील. त्यांतून नर किती आणि माद्या किती, हे वाळूच्या उबेवर ठरतं. जास्त ऊब असली तर माद्या अधिक.

२०२३ च्या फेब्रुवारीत याच किनाऱ्यावरून दोन माद्यांच्या पाठीला उपग्रहाचं यंत्र लावून सोडलं होतं, एकीचं नाव बागेश्री आणि दुसरीचं गुहा. बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. गेल्या वर्षी जानेवारीत तर उलटंच घडलं. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर पायाला खुणेची पट्टी लावलेली मादी इथे गुहागरला अंडी घालायला आली. पूर्वेची आणि पश्चिमेची कासवं निराळी, असं लोक समजत होते. पट्टीवरच्या आकड्याने ती समजूत हलली.

आता तो राग. मादीला अंधार लागतो. वाळूवर दिवा दिसला, गलका झाला की ती अंडी न घालताच पाण्यात परतते. अंड्यांतून निघालेली पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर सगळ्यात उजळ समुद्राचं क्षितिजच असतं, म्हणून ती पाण्यापर्यंत पोहोचतात. मागे हॉटेलचे दिवे लागलेले असले तर भलतीकडे चालत जाऊन मरतात. मोटारीच्या चाकाखाली वाळू दबली तर खालचं घरटंही जातं. सुटीच्या त्या तीन रात्री एकही मादी वर आली नाही. योगायोगही असेल, कासवमित्र तसंच म्हणाले. पण किनाऱ्यावर गाडी घालायला पूर्ण बंदी हवी, आणि ती नुसत्या पाटीवर असून चालणार नाही.

दादा, वहिनी, तुम्ही नातवंडांच्या मे महिन्याच्या सुटीत यायचं म्हणता आहात. तसं करू नका. तेव्हा उकाडा असतो, कुरव गेलेले असतात, पिल्लंही जवळजवळ नसतात आणि खोलीही मिळत नाही. १५ फेब्रुवारीला महाशिवरात्र आहे. व्याडेश्वराचा उत्सव मोठा असतो, गाव भरून जातं. मार्चच्या सुरुवातीला होळी, तेव्हा शिमग्याला सगळे मुंबईकर घरी येतात. या दोन्हींच्या मधले दिवस मोकळे आहेत आणि डिसेंबरच्या अखेरीस घातलेल्या अंड्यांतली पिल्लं तेव्हाच बाहेर पडायला लागतील. काकूंना मी १७ फेब्रुवारीपासून एक खोली धरून ठेवायला सांगितली आहे, भाव पुरा कबूल करून. मंगलाचं आरक्षण आजच करा. खालचे बर्थ मागा, वहिनींचे गुडघे लक्षात ठेवा. बॅटरी आणलीत तर तिच्या काचेला लाल कागद लावून आणा.

आपला धाकटा भाऊ