फळी मोजताना

1982 च्या हंगामात अमेरिकेतल्या नॅशनल फुटबॉल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला एक किकर. वॉशिंग्टनचा मार्क मोझली. खेळाडूंच्या संपामुळे नऊ सामन्यांतच आटोपलेला तो हंगाम, त्यात त्यानं 21 पैकी 20 फील्ड गोल साधले. कौतुकाचीच गोष्ट. पण त्याच संघात त्याच वर्षी ज्यो ब्यूगल या प्रशिक्षकाच्या हाताखाली ‘हॉग्ज’ नावाची ऑफेन्सिव्ह लाइन तयार झाली होती आणि जानेवारी 1983 मधला सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, संघानं तिच्याच जोरावर जिंकला. असोसिएटेड प्रेसच्या त्या मानाच्या यादीत किकर येऊन गेला, ऑफेन्सिव्ह लाइनमधला माणूस मात्र आजवर एकदाही आलेला नाही.

माझं काम या माणसांना गुण देण्याचं. राहते पेनसिल्व्हेनियात. रविवारचे सामने संपले की आठवड्याच्या सुरुवातीला त्यांच्या फिती हाती येतात, गोलखांबांच्या मागून उंचावरून घेतलेल्या. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे पळतो, त्यामुळे टीव्हीवरचा सामना माझ्या कामाला निरुपयोगी. मी बघते ते पाच जण: मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही अंगांना गार्ड आणि कडेला दोन टॅकल. एकेकाचं वजन सरासरी 140 किलो. पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला वाचवायचं आणि चेंडू घेऊन पळणाऱ्याला वाट करून द्यायची, ही त्यांची दोन कामं. सेंटर खेळीच्या सुरुवातीला चेंडू मागे देतो तेवढाच त्यांचा चेंडूशी संबंध, पुढे फेकलेला पास झेलण्याची एरवी त्यांना मुभाही नाही. धावपटूच्या नावापुढे यार्ड, क्वार्टरबॅकच्या नावापुढे टचडाउन, यांच्या नावापुढे किती सामने खेळले आणि किती वेळा दंड झाला, जवळजवळ एवढंच.

कॉलेजात असताना मी सांगलीत कबड्डी खेळायचे, कव्हरला. साखळीतल्या दोघींपैकी एकीचा हात अर्धा क्षण आधी सुटला की चढाईवाली त्याच फटीतून निसटायची. पकड झालीच, तर ती जिनं पाय धरला तिच्या नावावर. जिनं पुढे होऊन चढाईवालीची परतीची वाट अडवली तिचं नाव कागदावर यायचं नाही. अमेरिकेत आल्यावर नवरा आणि त्याचे मित्र क्वार्टरबॅकचं गुणगान करत, मला त्यात काही गंमत वाटत नसे. या पाच जणांकडे बघायला लागले तेव्हा खेळ कळला, आणि पुढे तोच धंदा झाला.

लोक एकदम विचारतात, कुठल्या संघाची लाइन चांगली? आणि उत्तराची वाट न बघता सॅकचा आकडा सांगतात. चेंडू हातात असतानाच क्वार्टरबॅकला पाडलं की सॅक. कमी सॅक म्हणजे चांगली लाइन, असा सरळ हिशेब. 1988 मध्ये मायामी डॉल्फिन्सनी अख्ख्या हंगामात फक्त 7 सॅक दिले. लाइन चांगली होतीच, पण तिच्या मागे डॅन मरिनो उभा होता आणि त्याच्या हातून चेंडू इतक्या झटक्यात सुटायचा की समोरचा माणूस पोचेपर्यंत पाडायला काही उरायचंच नाही. उलट टोकाला 1986 चे फिलाडेल्फिया ईगल्स: 104 सॅक, हा आजही विक्रम आहे. यातले 72 एकट्या रँडल कनिंगहॅमचे. तो त्या वर्षी मुख्य क्वार्टरबॅक नव्हताच. प्रशिक्षक बडी रायन त्याला बहुतेक वेळा तिसऱ्या डाउनला म्हणजे तिसऱ्या प्रयत्नाला, पुष्कळ यार्ड हवे असताना आत पाठवायचे. म्हणजे पास येणार हे समोरच्याला ठाऊक, त्यात हा पोरगा चेंडू धरून इकडेतिकडे पळणारा. लाइन वाईट होती यात शंका नाही, पण 104 चं सगळं पाप तिच्या माथी मारणं मला पटत नाही.

धावण्याचा हिशेब आणखी अवघड. हॉग्जच्याच त्या सुपर बोलमधली गाजलेली खेळी घ्या. शेवटचा क्वार्टर, चौथा डाउन, हवाय एक यार्ड. जॉन रिगिन्स डावीकडून धावतो, मायामीचा डॉन मॅकनील त्याच्या अंगाला झोंबतो आणि घसरून खाली पडतो, रिगिन्स 43 यार्ड पळून टचडाउन करतो. यात लाइनचं किती? ॲरन शॅट्झ यांनी फुटबॉल आउटसायडर्स या संकेतस्थळावर याचं एक गणित बसवलं होतं. पहिल्या चार यार्डांचं श्रेय लाइनला पूर्ण, पाच ते दहा यार्डांचं निम्मं, त्यापुढचं शून्य. धावपटू मागे ढकलला गेला तर दोष मात्र सव्वापटीच्या जवळ, 120 टक्के. या मापानं रिगिन्सच्या 43 यार्डांतले 7 लाइनच्या पदरात पडतात. मला हा हिशेब आवडतो, कारण त्यात श्रेयाची वाटणी करण्याचं धाडस आहे. वाटणी चुकीचीही असेल, पण न करण्यापेक्षा बरी.

दुसरा मार्ग म्हणजे एक गोष्ट धरून ठेवायची आणि दुसरी बदलेल तेव्हा बघायचं. डेन्व्हरमध्ये ॲलेक्स गिब्ज यांच्या पद्धतीची लाइन होती, इतरांपेक्षा हलकी आणि चपळ, सगळे मिळून एका दिशेनं सरकणारी. टेरेल डेव्हिसनं 1998 मध्ये तिच्यामागे 2008 यार्ड काढले. पुढच्या वर्षी तो जायबंदी झाला, ऑलँडिस गॅरीनं 1159 काढले. त्याच्या पुढच्या वर्षी माइक अँडरसननं 1487. तिघांपैकी एकालाही ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीच्या, पहिल्या तीन फेऱ्यांत कुणी निवडलं नव्हतं. धावणारे बदलत गेले, वाट होत राहिली. उलट बाजू सॅक्वन बार्कलीची. 2023 मध्ये न्यूयॉर्क जायंट्सकडून 962 यार्ड, दर धावेला 3.9. त्या लाइननं त्या हंगामात 85 सॅक दिले होते. 2024 मध्ये तोच माणूस ईगल्सकडे आला आणि 2005 यार्ड, दर धावेला 5.8. इतकं स्वच्छ उदाहरण सहसा मिळत नाही. तरीही माझ्यासारखीला त्यात खुसपट काढावंच लागतं. ईगल्सचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स स्वतः धावू शकतो, म्हणून समोरच्याचा एक माणूस त्याच्यावर नजर ठेवून अडकतो. कडेला पास झेलणारे ए. जे. ब्राउन आणि डेव्होंटा स्मिथ असल्यावर आणखी दोघंतिघं मागे. म्हणजे लाइनला पुढे माणसंच कमी भेटली. हे वजा करूनसुद्धा जे उरतं ते भरपूर आहे, एवढं मी खात्रीनं सांगते.

आता प्रत्यक्ष गुण कसे देतात ते एका खेळीपुरतं सांगते. तिसरा डाउन, नऊ यार्ड हवेत. समोरून चौघंच येणार आहेत. डावीकडचा आतला बचावपटू आमच्या गार्डच्या अंगावर येतो आणि एकदम बाहेर, टॅकलच्या दिशेनं घुसतो. त्याच वेळी कडेचा बचावपटू दोन पावलं पुढे टाकून त्याच्या पाठीमागून आत वळसा घेतो. याला स्टंट म्हणतात. गार्डनं करायचं काय, तर बाहेर चाललेल्याला तळहाताचा एक जोरदार धक्का देऊन टॅकलच्या हवाली करायचं आणि लगेच कंबर सेंटरच्या बाजूला वळवून येणाऱ्याला घ्यायचं. टॅकलनं आपला माणूस सोडून द्यायचा आणि गार्डचा घ्यायचा. हे सगळं दोन सेकंदांत, बोलायला वेळ नाही. फितीत दिसतं असं की गार्ड पहिल्याच्या मागे बाहेर ओढला गेला, त्याच्या आणि सेंटरच्या मध्ये दार उघडलं आणि वळसा घालणारा थेट क्वार्टरबॅकवर. समालोचक गार्डला नावं ठेवतो. मी फीत मागे नेते आणि गार्डला सोडून टॅकलच्या पायांकडे बघते. तो पहिल्या पावलालाच खूप मागे सरकलाय, गार्डपासून जवळजवळ यार्डभर खोल. दोघं एका रेषेत नसतील तर माणूस हवाली करणार कुणाकडे? गार्डला पर्यायच राहिला नव्हता. सॅक त्याच्या समोर घडला, उणे गुण मी टॅकलच्या खात्यात टाकते. अर्थात मैदानावर ओरडून काय ठरलं होतं हे बाहेर बसून ऐकू येत नाही, त्यामुळे काही खेळींवर आमच्यात भांडणं होतात आणि ती व्हावीत.

प्रो फुटबॉल फोकसची पद्धत आता सगळ्यांना माहीत आहे: दर खेळीला प्रत्येक खेळाडूला उणे 2 ते अधिक 2, अर्ध्या अर्ध्या पायरीनं. ईएसपीएनचं माप वेगळं. खेळाडूंच्या खांद्यावरच्या पॅडमध्ये बसवलेल्या चिपांवरून ते ठरवतात की लाइनमननं समोरच्याला अडीच सेकंद रोखलं का. रोखलं तर जिंकला. हे यंत्राचं माप थकत नाही, पक्षपात करत नाही, पण दोघं मिळून एकाला अडवत होते की गडी एकटा भिडला होता याची उकल अखेर डोळ्यांनीच करावी लागते.

इतक्या फिती बघून माझं स्वतःचं एक माप तयार झालंय. लाइन मोजायची ती सगळ्यांना सगळं ठाऊक असताना. एरवी चांगला प्रशिक्षक कच्ची लाइन सहज झाकतो. झटपट पास, स्क्रीन, धावण्याचा बहाणा करून पास, एखादा जादा माणूस मदतीला ठेवणं, असे उपाय खूप आहेत. तिसऱ्या डाउनला बारा यार्ड हवे असतात तेव्हा हे बहुतेक उपाय संपतात, पास येणार हे प्रेक्षागृहातल्या पोराला पण कळतं. चौथ्या डाउनला एक यार्ड हवा असतो तेव्हा तसंच. आणि चार मिनिटं उरलीत, आपण आघाडीवर आहोत, घड्याळ चालू ठेवायला नुसतं धावायचंय, तेव्हाही. या तीन वेळांचे गुण मी वेगळे काढते आणि बाकीच्यांपेक्षा त्यांना जास्त मानते. ईगल्सच्या ‘टश पुश’मध्ये क्वार्टरबॅकला मागून ढकलत एक यार्ड काढतात. काय होणार हे सगळ्यांना ठाऊक, तरी थांबवता येईना. शेवटी मे 2025 मध्ये 32 पैकी 22 संघांनी त्यावर बंदी घालण्याच्या बाजूनं मत दिलं. 24 मतं हवी होती म्हणून ती खेळी वाचली. एखाद्या लाइनला याहून मोठं प्रशस्तिपत्र मी पाहिलेलं नाही.

याच मापानं आणखी एक गोष्ट बाहेर येते. पाच जणांच्या गुणांची सरासरी काढून उपयोग नाही, सर्वांत कच्च्या माणसाचे गुण बघायचे, कारण समोरचा प्रशिक्षकही तोच माणूस शोधत असतो. क्लीव्हलँडचा ज्यो थॉमस सलग 10,363 खेळी एकही न चुकता खेळला, त्याच्यासारखा डावा टॅकल विरळा, 2023 मध्ये हॉल ऑफ फेममध्येही गेला. पण त्याच्या संपूर्ण कारकिर्दीत संघ एकदाही प्लेऑफला पोचला नाही. त्याच्या अंगावर कोण कशाला जाईल? बाकीचे चौघं होतेच ना. फेब्रुवारी 2021 च्या सुपर बोलमध्ये कॅन्सस सिटीचे दोन्ही नेहमीचे टॅकल जखमी होते. टँपा बेनं बहुतेक वेळा चौघंच पाठवले आणि क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सला 29 वेळा दबावाखाली आणलं, सामना 31–9 असा गेला. त्या उन्हाळ्यात कॅन्सस सिटीनं पाचच्या पाच माणसं बदलली. त्यांपैकी सेंटर क्रीड हम्फ्री दुसऱ्या फेरीतला, गार्ड ट्रे स्मिथ तर सहाव्या फेरीतला. दोन वर्षांनी, 2022 च्या हंगामात 70 सॅक काढणाऱ्या ईगल्ससमोर सुपर बोलमध्ये त्या लाइननं एकही सॅक दिला नाही. आणि त्यानंतर दोन वर्षांनी, डाव्या टॅकलची जागा भरायला गार्ड ज्यो थूनीला तिकडे सरकवावं लागलेलं असताना, त्याच ईगल्सनी जादा माणसं न पाठवता महोम्सला सहादा पाडलं.

जुन्यानव्याची तुलना करताना मात्र जरा जपून. 1978 मध्ये नियम बदलला आणि पास वाचवताना हात लांब करून उघड्या तळव्यांनी ढकलायची परवानगी मिळाली. त्याआधीच्या जीन अपशॉ, आर्ट शेल यांच्या फिती बघताना मला हात आखडून खेळणारी माणसं दिसतात. त्यांना आजच्या अडीच सेकंदांच्या कसोटीला उभं करणं अन्याय होईल.

1978 नंतरच्यांपुरतं बोलायचं तर माझं मत ठरलेलं आहे. नुसतं धावायचं असेल तर 2024 चे ईगल्स. डावा टॅकल जॉर्डन मायलाटा सिडनीत रग्बी लीग खेळून आलेला, 2018 मध्ये सातव्या फेरीत घेतला तोवर हा खेळ कधी खेळलेला नव्हता. जेफ स्टाउटलँड यांनी त्याला शून्यातून शिकवलं. नुसता पास वाचवायचा असेल तर 2022 चं कॅन्सस सिटी. आणि दोन्ही एकाच लाइनकडून हवं असेल तर 1995 चं डॅलस: मार्क ट्युनेई, नेट न्यूटन, रे डोनाल्डसन, लॅरी ॲलन, एरिक विल्यम्स. डोनाल्डसन हंगामाच्या उत्तरार्धात घोटा मोडून बाहेर गेला, डेरेक केनार्ड सेंटरला आला, तरी संघ सुपर बोल जिंकला. एमिट स्मिथनं त्या वर्षी 1773 यार्ड आणि धावून 25 टचडाउन केले. ईगल्सवाले माझे शेजारी हे ऐकून घेत नाहीत. ज्यांना पटत नसेल त्यांनी त्या हंगामाचा पहिला सामना काढून बघावा, डॅलस विरुद्ध जायंट्स, 35–0. स्मिथ पहिल्यांदाच चेंडू घेऊन पळतो तो थेट 60 यार्ड. तो पळायला लागेल तेव्हा त्याच्याकडे बघू नका, फीत थांबवा आणि पाच जण कुठे उभे आहेत ते बघा. मग वाद घालायला या.