शांततेची घोडी

मानखुर्द

प्रिय सुमे,

परवा शेजारची सातवीतली मुलगी चंद्राचा प्रकल्प दाखवायला आली. माहिती फोनकडून मराठीत करून घेतलेली. वहीत लिहिलं होतं, '१९६९ साली माणूस शांततेच्या घोडीवर उतरला.' तू सारंगखेड्याची, घोडेबाजाराच्या गावची. वाचल्याबरोबर तुझीच आठवण झाली.

सगळा घोळ स्पेलिंगचा गं. एम-ए-आर-ई लिहून इंग्रजीत 'मेअर' वाचतात, म्हणजे घोडी. पुण्याकडच्या स्टडफार्मवर पैदाशीसाठी राखलेली ती 'ब्रूडमेअर', अकरा महिने गाभण राहून शिंगरू देणारी. तीच चार अक्षरं लॅटिनमध्ये 'मारे', म्हणजे समुद्र. आपल्या लिपीत मेअर आणि मारे एकमेकांच्या वाटेलाही जात नाहीत. तिथे मात्र एकाच दाव्याला बांधलेत.

इटलीतल्या रिच्चोली या खगोलशास्त्रज्ञाने १६५१ मध्ये चंद्रावरच्या काळ्या डागांना समुद्रांची नावं दिली. पाण्याचा समुद्र तिथे एकही नाही. तीनेक अब्ज वर्षांपूर्वी, काही ठिकाणी त्याच्याही आधी, लाव्हा उफाळून मोठमोठ्या खोलगट भागांत भरला आणि थिजला. तो बेसॉल्ट. आपला सह्याद्रीचा काळा कातळही बेसॉल्टच! लोणारचं विवर अशाच कातळात उल्का आदळून झालंय, म्हणून चंद्राचे अभ्यासक तिथे येतात. अपोलो यानांनी आणलेले चंद्राचे नमुने तर आपल्या मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, देवेंद्र लाल यांच्या चमूने तपासले होते. हे त्या मुलीला सांगितलं तर तिने पेन्सिल खाली ठेवली आणि नुसती ऐकत बसली. असली माहिती मराठीत, नीट शब्दांत मुलांच्या हाती पडायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

घोडी खोडून आम्ही 'शांततेचा समुद्र' लिहिलं. खाली एक ओळ जोडली: हा समुद्र गोठलेल्या लाव्ह्याचा आहे. मग तिने विचारलं, आपल्याकडे या डागांना काय म्हणतात? म्हटलं, ससा. म्हणून तर चंद्र शशांक.

दत्तजयंतीला तुमची यात्रा, म्हणजे पौर्णिमा आलीच. संध्याकाळी घोड्यांना चारा घालून झाला की तापीच्या काठावर ये आणि उगवता चंद्र बघ. वरच्या अंगाला, मध्यापासून किंचित उजवीकडे जो काळा डाग दिसेल, तोच शांततेचा समुद्र. दिसला की लगेच कळव.

तुझी,
शैला