वरचे दूध

मुलांस प्राणिशास्त्र शिकविणे सोपे आहे, असे ज्यांस वाटते त्यांनी सुटीत घरची चार मुले जमवून तो प्रयोग एकदा करून पाहावा. आम्ही तो केला, आणि शिकलो आम्हीच.

मे महिन्यात आमच्या कोकणातील घरी भाचे-पुतणे जमले होते. तिन्हीसांजेस परसातील पिंपळावरून वटवाघळे उडू लागली, तेव्हा पुतणीने विचारले, "काका, हे पक्षी दिवसा उलटे का टांगून घेतात?" आम्ही ऐटीत सांगितले की, ते पक्षी नव्हतच. त्यांच्या अंगावर पिसे नसून केस असतात. ती अंडी घालीत नाहीत, पिल्लांस जन्म देतात आणि दूध पाजतात. सबब ते सस्तन प्राणी, आणि त्या वर्गात खरोखर उडणारे तेवढेच.

'सस्तन' या शब्दापाशी आमची जीभ किंचित अडखळली, हे कबूल केले पाहिजे. शाळेत मुले तो घोकतात, पण अर्थ विचारला की घरोघरची वडील माणसे खाकरू लागतात. वस्तुतः त्यात लाजण्यासारखे काय आहे? लिनियस या स्वीडिश पंडितानेही आरंभी या वर्गास 'चतुष्पाद' असेच म्हटले होते. १७५८ साली त्याने पायांची गणती सोडली आणि आईचे दूध हे लक्षण धरले. त्याबरोबर देवमासा माशांतून निघून गाईम्हशींच्या गोतात आला. आपल्या भाषेत मात्र तो अद्याप मासाच आहे! निळ्या देवमाशाचे पिल्लू जन्मतःच सुमारे सात मीटर लांब असते, आणि तेही आईचेच दूध पिते, हे ऐकून मुले थक्क झाली.

मग यादी सुरू झाली. अंगभर खवले असलेले खवल्या मांजर घ्यावे की नाही, यावर मोठा वाद माजला. ते पिल्लास दूध पाजते आणि शेपटीवर बसवून हिंडविते, असे सांगताच ते एकमताने घेतले गेले. ऑस्ट्रेलियातील प्लॅटिपस अंडी घालतो. त्याच्या मादीस स्तनाग्रे नसतात, दूध त्वचेतून पाझरते आणि पिल्ले ते चाटून घेतात. त्यालाही जागा मिळाली. अखेरीस प्रत्येकाने यादीत आपले नाव लिहिले. फक्त आठ वर्षांच्या भाच्याने लिहिले नाही.

रात्री तो आमच्या अंथरुणापाशी आला. "मामा, मी तर वरच्या दुधावर वाढलो. मग मी सस्तन नाही ना?"

आमची बहीण त्याच्या जन्मानंतर चारच दिवसांत गेली. ही गोष्ट घरात सर्वांस ठाऊक होती, आणि धडा देताना आम्हीच ती विसरलो होतो. व्याख्या साऱ्या वर्गाविषयी असते, हे आम्हांस कळत होते. पण मूल ती प्रथम स्वतःस लावून पाहते, हे कळले नव्हते.

क्षणभर काही सुचेना. मग आम्ही त्याचा हात त्याच्याच कानावर ठेवला. "आत तीन इवलीशी हाडे आहेत. हातोडी, ऐरण आणि रिकीब. पक्ष्याच्या कानात त्या जागी एकच हाड असते, सरड्याच्याही. तीन असतात ती सस्तनांसच."

"मला कधी आली?"

"जन्मापूर्वीच. आईच्या पोटात असताना."

तो बराच वेळ कान चाचपीत राहिला. मग म्हणाला, "आणि वरचे दूध?"

"ते गाईचे होते. तेही एका आईचेच दूध. सस्तनांवाचून असे दूध या जगात कोणापाशीच नाही."

त्याने पुढे काही विचारले नाही. आम्हांस मात्र झोप आली नाही. बहिणीविषयी त्या मुलाशी आजवर आम्ही बोललोच नव्हतो. त्यास दुःख होईल, अशी आपली समजूत करून घेतली होती. वस्तुतः दुःख आमचे होते, आणि ते झाकण्यासाठी आम्ही त्याच्या आईस त्याच्यापासून दूर ठेवले होते.

सकाळी यादी ओटीवर पडली होती. तळाशी वाकड्या अक्षरांत त्याचे नाव होते, आणि त्याच्या वर, कोणी न सांगता, त्याने आईचे नाव लिहिले होते.