झाकली मूठ

दिवाळी जवळ आली, की घरोघरी भाजणीचा आणि बेसनाचा वास दरवळू लागतो. आमच्या घरातही तो दरवळतो. पण त्यात थोडा डिझेलचा वास मिसळलेला असतो. ओसरीवर जुने वर्तमानपत्र पसरून मी फटफटीचे भाग धूत बसलेला असतो, आणि स्वयंपाकघरातून आईचा आवाज येतो, "ते हात चकलीच्या परातीला लावशील तर याद राख!" चौसष्ट वर्षांच्या मुलाला पंच्याऐंशी वर्षांच्या आईने असे रागे भरावे, ह्याहून दिवाळीचे मोठे सुख मला ठाऊक नाही.

ही फटफटी म्हणजे आमच्या नानांची जावा. नाना वाईला कोर्टात कारकून होते. १९६७ साली त्यांनी ती घेतली, तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. लाल काळपट रंग, टाकीच्या दोन्ही कुशींना चकचकीत पत्रा, आणि मागे दोन बाजूंना दोन लांब धुराडी. आळीतली मुले तिच्याभोवती गोळा होत, आणि नाना त्यांना कौतुकाने तिची कुळकथा सांगत. चेकोस्लोव्हाकियात यानेचेक नावाच्या कारखानदाराने १९२९ साली वांडरर ह्या जर्मन गाडीचे हक्क घेतले, आणि दोन नावांची पहिली अक्षरे जोडून 'जावा' हे नाव केले. १९६१ पासून तीच गाडी म्हैसूरला तयार होऊ लागली. "म्हणजे ही आपली म्हैसूरकरीण!" असे म्हणून नाना किक मारीत. किक मारायचा दांडा आणि गिअर टाकायचा दांडा ह्या गाडीला एकच. किक मारून झाली, की तोच दांडा फिरवून गिअरच्या कामाला लावायचा. आम्हा मुलांना ती जादू वाटे.

पुढे मला मिसरूड फुटल्यावर नानांनी गाडी शिकवली. शिकवताना त्यांनी तिचा स्वभावही समजावून सांगितला. चार स्ट्रोकच्या गाडीला वंगणाच्या तेलाची सोय वेगळी असते. टू-स्ट्रोक गाडीचे तसे नाही. तिचे तेल पेट्रोलातच मिसळायचे. लिटरला चाळीस मिलिलिटर, म्हणजे पंचविसास एक. पेट्रोल आत जाईल तेव्हाच तेल आत जाणार, आणि तेच पिस्टनच्या अंगाला लागणार. "म्हणून घाट उतरताना," नाना म्हणत, "मूठ अगदी बंद ठेवायची नाही. चाकं इंजिनाला फिरवीतच असतात, आणि मूठ बंद म्हणजे त्याच्या घशात थेंब नाही. मधून मधून मूठ जराशी उघडायची. पाणी पाजल्यासारखी."

'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण ज्याने केली, त्याने टू-स्ट्रोक गाडी चालवलेली नसावी.

१९८१ साली मी वीस वर्षांचा होतो. दिवाळीचा फराळ घेऊन पाचगणीला मावशीकडे गेलो होतो. परत येताना पसरणीचा घाट लागला. समोर धोम धरणाचे पाणी चमकत होते, खाली वाई दिसत होती, आणि माझ्या डोक्यात पेट्रोल वाचवायचे वारे शिरले. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी टाकली, मूठ पार बंद केली आणि वळणामागून वळणे घेत खाली आलो. खिशातले रुपये वाचल्याचा आनंद घाटाच्या पायथ्यापर्यंत टिकला. सपाटीला येऊन मूठ पिळली मात्र, आणि किंचाळल्यासारखा आवाज करून पिस्टन जाम झाला. मागचे चाक जागच्या जागी थांबले. क्लच दाबायचे भान मला राहिले नाही. मी रस्त्यावर, गाडी माझ्या पायावर, आणि मावशीने दिलेले लाडू गटारात.

गाडी ढकलत घरी आणली. नानांनी आधी माझे खरचटलेले कोपर पाहिले, मग गाडी पाहिली. आणि एकच प्रश्न विचारला, "मूठ उघडीत होतास ना रे मधून मधून?"

मी म्हणालो, "हो."

नाना क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "मग माझ्याच हातून तेल कमी पडलं. चूक माझी." इंजिन खोलून सिलिंडर बोअर करून आणला, नवा पिस्टन बसवला. पगारातले पैसे त्यात गेले, आणि त्या वर्षी नानांनी स्वतःला कोट शिवला नाही. उद्या सांगू, परवा सांगू असे करता करता दिवस गेले. खोटे जितके जुने होते, तितके ते उघडणे जड जाते. मी मूठ झाकली ती झाकलीच.

नाना २००९ साली गेले. गाडी ओसरीच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभी राहिली. म्हैसूरचा कारखाना तर त्याआधीच, १९९६ साली बंद पडला होता. २०१८ साली जावा हे नाव पुन्हा बाजारात आले, पण चार स्ट्रोकचे इंजिन घेऊन. रस्त्यावर ते नाव दिसले आणि मला आमची म्हातारी आठवली. निवृत्त झाल्यावर मी ताडपत्री काढली.

गाडी सुरू झाली खरी. पण तिच्यात दम नव्हता. बारा अश्वशक्तीचे इंजिन, पण पसरणीच्या पहिल्याच चढाला तिसरा गिअर सोडावा लागे. शहरातल्या एका हुशार पोराकडे नेली. त्याने धुराड्यांच्या आतल्या जाळ्या काढून टाकल्या आणि कार्ब्युरेटरच्या जेटचे भोक मोठे केले. आवाज असा झाला, की आळीतली कुत्री गाव सोडून जातात की काय असे वाटले. ओढ मात्र पूर्वीपेक्षाही कमी.

शेवटी साताऱ्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने पान्याला हातही लावला नाही. गाडी चालू करायला सांगितली आणि दोन्ही धुराड्यांमागे दोन तळहात धरून तो उभा राहिला. "डाव्या नाकपुडीतनं वारं कमी येतंय," तो म्हणाला. "तुमी तिला खायला वाढवून देताय, आन् तिला श्वास सोडायला येईना!"

मग त्याने मला जे समजावले, ते मी घरच्या भाषेत सांगतो. टू-स्ट्रोकला झडपा नसतात. पिस्टनच वरखाली होताना सिलिंडरची दारे उघडतो आणि झाकतो. दिवाळीत घरात पाहुण्यांची एक पंगत उठत असते, त्याच वेळी दुसरी बसायला येते, तसे जळालेला धूर आणि ताजे मिश्रण ह्यांची जा-ये एकदमच चालते. जुनी पंगत दारात अडली, की नवी आत येणार कशी? धुराड्यातली जाळी काढून टाकणे हाही उपाय नव्हे. बाहेर गेलेल्या धुराची लाट आतून उलटते आणि दाराबाहेर सांडू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा आत लोटते. दार मोकळे हवे, पण सताड उघडे नको. जुन्या जाळ्या मी माळ्यावर जपून ठेवल्या होत्या, हे ऐकून मिस्त्री पहिल्यांदा हसला.

हेड उघडले, आणि मी पाहतच राहिलो. पिस्टनच्या माथ्यावर काजळीचा थर, आणि धूर जायच्या दाराशी तर तो असा साचलेला, की गोल भोकाची चंद्रकोर झालेली. मिस्त्रीने बांबूची कामटी हाती घेतली; लोखंडाने खरवडले तर पिस्टनला ओरखडे पडतात. खरवडता खरवडता तो म्हणाला, "येका वर्साचं न्हाई हे. तेल कोण घालत हुतं एवढं?"

मला एकदम ते टोपण आठवले. नाना औषधाच्या बाटलीच्या मापाने तेल मोजत, आणि माप पुरे झाल्यावर बाटलीचे एक टोपण भरून वर घालत. "असू दे," म्हणत. १९८१ च्या आधी हे टोपण नव्हते. त्यानंतर गाडी हाती होती तोवर, वीसबावीस वर्षे, त्यांनी ते कधी चुकवले नाही. आपल्या हातून तेल कमी पडले आणि पोरगा पडला, हे त्यांनी मनात धरले होते.

"माझे वडील," मी म्हणालो.

"लई जीव हुता म्हना गाडीवर," मिस्त्री म्हणाला. मी काही बोललो नाही. तो जीव कोणावर होता, ते त्याला कसे सांगू?

बाकीचे काम दोन दिवसांत झाले. मोडक्या रिंगच्या तुकड्याने पिस्टनच्या खाचा साफ केल्या. धुराड्याच्या जाळ्या भट्टीत लाल करून झटकल्या. मूळ मापाचा जेट बसवला. पॉइंटची फट ०.४ मिलिमीटर ठेवली, आणि फटीत सिगारेटचा पातळ कागद धरून, पिस्टन माथ्याला पोचण्याआधी सुमारे तीन मिलिमीटरवर तो सुटतो की नाही, हे पाहून ठिणगीची वेळ बसवली. नवीन काही घातले नाही म्हटले तरी चालेल. जे साचले होते ते काढले, आणि जे मुळात होते ते जागेवर आणले. पंधरा मैल चालवून प्लग काढला, तर तो काळा-ओला नव्हता, भाजलेल्या रव्यासारखा तांबूस होता. त्या रविवारी गाडी पसरणीचा घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढली.

वर पोचल्यावर मी गाडी थांबवली. उतरायची हिंमत व्हायला थोडा वेळ लागला. मग खाली येताना दर वळणावर मूठ जराशी उघडत आलो. दर वेळी ती खुशीत हुंकारल्यासारखी वाजे.

त्या वर्षी वसुबारसेच्या संध्याकाळी आई सोऱ्या घेऊन बसली होती, आणि मी समोर बसून तिला सगळे सांगितले. मूठ, घाट, ते 'हो', आणि ते टोपण. चाळीस वर्षांची गोष्ट सांगायला चकलीचा एक घाणा तळून व्हायलाही वेळ लागला नाही. आई ऐकत होती. झाऱ्याने चकल्या उलटल्या. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "बरं. मग आता तेल बेताचंच घाल."

तेव्हापासून मी लिटरला चाळीसच घालतो. माप रिते झाले, की बाटलीचे टोपण हातात राहते, आणि हात जरा घुटमळतो. मग टोपण लावून टाकतो, आणि किक मारतो.