शेऱ्याचा रकाना

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या रत्नागिरीच्या घरी पाटावर एक लाल कापडी बांधणीची वही मांडतात. जमाखर्चाची वही ती नव्हे. ती अण्णांची गिऱ्हाइकांची वही. अण्णा म्हणजे माझे थोरले बंधू. आमची हापूसची कलमे काही फार नाहीत. पण जी आहेत त्यांची फळे दलालाकडे न घालता थेट मुंबई-पुण्याच्या घरोघरी पोचवायची, हा अण्णांचा हट्ट. बोटी होत्या तेव्हा पेट्या बोटीने जात, पुढे एस. टी.ने गेल्या, आता टेम्पोने जातात; पण कोणाकडे जायच्या ते मात्र याच वहीत. नाव, पत्ता, फोन, किती पेट्या, जमा, बाकी, आणि कडेला दोन बोटे रुंदीचा एक रकाना: शेरा.

२०२४ च्या पावसाळ्यात अण्णा गेले आणि बाग पुतण्याकडे आली. त्याने पहिली गोष्ट ठरवली ती ही, की वही संगणकात घालायची. गिऱ्हाइकांशी संबंध राखण्याचे म्हणून एक सॉफ्टवेअर असते म्हणे. मला हसू आले. संबंध राखायला यंत्र! पण तो म्हणाला, "काका, उद्या वहीला वाळवी लागली तर?" कोकणात राहून या प्रश्नाला उत्तर कोण देणार? तेव्हा मी चष्मा लावून वाचायचे आणि त्याने टाइप करायचे, असे ठरले.

मला वाटले होते, दोन दिवसांचे काम. पण यंत्राला माणूस दाखवायचा म्हणजे मुलगी दाखवण्याहून कठीण. एक माणूस, एक ओळ, वर मथळे, मग वहीतला कोणता रकाना यंत्राच्या कोणत्या घरात जायचा, याची जोडी लावून द्यायची. नाव एका घरात, आडनाव दुसऱ्यात. आडनावावाचून ओळ आतच घेत नाही. आता अण्णांच्या वहीत 'बंड्याचे सासरे' असे एक गिऱ्हाईक आहे. त्यांचे आडनाव काय? पुतण्याने नाव 'बंड्याचे' आणि आडनाव 'सासरे' असे घालून दिले. यंत्राने मुकाट्याने घेतले.

पत्त्यांत मात्र मी उपयोगी पडलो. पिनकोड १९७२ साली आला, पण अण्णांनी त्याची कधी फारशी दखल घेतली नाही. त्यांचे आपले 'गिरगाव, मुंबई ४', 'दादर, मुंबई २८', 'सदाशिव पेठ, पुणे ३०'. पुतण्या गोंधळला. मी त्याला दाखवले की जुना आकडा नव्याच्या शेपटीत अजून बसलेला आहे: ४००००४, ४०००२८, ४११०३०. "काका, हे भारी आहे," तो म्हणाला. निवृत्त मास्तराला याहून काय हवे?

फोनचे आकडे त्याहून खट्याळ. तक्त्यात लिहिले की आरंभीचे शून्य गळून पडे; मोबाइलला मागे ९१ जोडून तो बारा आकडी केला, तर मध्येच टिंब आणि 'ई' घालून यंत्र त्याची गणिती संख्या करी आणि तशीच जतन केली तर शेवटचे आकडे कायमचे जात. आकडा दिसला की मोजायचाच, हा त्याचा स्वभाव. त्या रकान्याला 'हा आकडा नसून मजकूर आहे' असे आधी बजावावे लागते. काही पत्ते मागे कोणाकडून तरी मराठीत टाइप करून घेतले होते, ते चिकटवले तर इंग्रजी अक्षरांचा नुसता कडबा उमटला. जुन्या टंकांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी वळणे बसवलेली असत. युनिकोडने १९९१ सालीच देवनागरीला स्वतःचे क्रमांक दिले. ते आमच्या टाइप करणाऱ्यापर्यंत पोचले नव्हते, इतकेच. ते पत्ते पुन्हा टाइप केले.

पण खरी गंमत झाली ती पी. पी.ची. जुन्या वाचकांना हे सांगायला नको. चाळीत फोन एकाकडे असे आणि बाकीचे सारे तोच नंबर देऊन पुढे 'पी. पी.' असे लिहीत. पुतण्याने यंत्राला सांगितले होते, ज्यांचा फोन एक ते माणूस एक. परिणामी गिरगावातल्या एका चाळीची सात बिऱ्हाडे मिळून एकच गृहस्थ झाला, आणि त्याच्या नावावर वर्षाला अकरा पेट्या! मग वहीचे पान आणि ओळ मिळून प्रत्येकाला वेगळा क्रमांक दिला आणि सातही बिऱ्हाडे पुन्हा आपापल्या खोल्यांत गेली.

राहिला शेऱ्याचा रकाना. 'मुलगा बघत नाही, पेटी हातातच द्यावी.' 'साखरेचे दुखणे आहे, तरी दोन मागतील, एकच द्यावी.' 'धाकट्या जावेला कळू देऊ नये.' वाचता वाचता मीच थांबलो. लोकांची माहिती संगणकात ठेवायची तर कशासाठी ते सांगून त्यांची संमती घ्यावी, असा कायदा २०२३ साली झाला आहे, हे पुतण्यानेच मला सांगितले होते. पण मला थांबवले ते कायद्याने नव्हे. हे लोक अण्णांपाशी बोलले होते, आमच्यापाशी नव्हे. मी म्हटले, "शेरे घालू नकोस." त्याने त्या रकान्यासमोर 'वगळा' असे निवडले. बाकीचे सारे रकाने आत गेले.

२०२५ च्या एप्रिलात, ऐन तोडणीच्या धांदलीत, पुतण्या हसत घरी आला. "काका, सव्वीस हंगामांची बाकी एका तासात वसूल! अडतीस हजार चारशे. यंत्राने आपण होऊन सगळ्या बाकीदारांना निरोप पाठवले."

"कोणाकडची?"

"गिरगावची."

मी वही उघडली. बाकीच्या रकान्यात १९९९ पासून दर वर्षाची रक्कम अण्णांच्या हातची. दिलेली पेटी लिहायचीच, ही त्यांची शिस्त. आणि पुढे शेरा: 'मागू नये. ६४ साल.'

१९६४ साली अण्णा नोकरीसाठी मुंबईला गेले आणि महिन्याच्या आत विषमज्वराने अंथरुणाला खिळले. ना नात्याचे, ना गावचे, अशा एका नवपरिणीत जोडप्याने त्यांना आपल्या एका खोलीत दीड महिना ठेवून घेतले. पुढे पेट्यांचे पैसे ते गृहस्थ आग्रहाने देत. १९९९ साली ते वारले आणि त्या वर्षापासून अण्णांनी पैसे घेतले नाहीत. हे मला ठाऊक होते. वाचताना ते पान माझ्याच डोळ्यांखालून गेले होते.

फोन करायला मला संध्याकाळ लागली. वहिनी आता ऐंशीच्या पुढे आहेत. मी काय काय बोललो, आठवत नाही.

"भावोजी, त्यात एवढे काय?" त्या म्हणाल्या. "फळ खाल्ले, पैसे दिले. नातवाने लगेच पाठवले. परत मात्र पाठवू नका हं." मग जरा थांबून, "एक विचारू? आता बाकी काही राहिली नाही. यादीत नाव राहील ना?"

मी होय म्हटले. आवाज नीट निघाला की नाही, कोण जाणे.

पुतण्या त्या रात्री जेवला नाही. पैसे परत केले तर त्यांचा अपमान, ठेवले तर आमचा. ते अजून वेगळे काढून ठेवले आहेत. सकाळी त्याने मला सांगितले, की सगळे पुन्हा घालायचे कारण नाही. क्रमांक आणि शेरा एवढ्या दोन रकान्यांची यादी केली आणि 'असलेल्या नोंदींत भर घाला' असे सांगितले, की यंत्र क्रमांकावरून माणूस ओळखून शेरा त्याच्यापुढे ठेवते. मात्र कोणता शेरा घालायचा आणि कोणता वहीतच राहू द्यायचा, हे एकेक वाचून ठरवायला हवे.

तेव्हापासून रोज दुपारी आम्ही दोघे बसतो. जावेचा शेरा घातला नाही. पेटी हातात देण्याचा घातला. फक्त मुलाचा उल्लेख गाळला. साखरेच्या दुखण्यावर आमचे दोन दिवस एकमत होईना. काल अठ्ठेचाळिसाव्या पानावर आलो. तिथे एका नावापुढे अण्णांनी घाईत काहीतरी खरडले आहे. मला ते 'फणस' वाटते, पुतण्याला 'फसवू नये'. वही उजेडात धरून तो अजून ओसरीवर उभा आहे.